पेट्रोल जळालं, शिसं मातीत उरलं

गेल्या वेळी आपण माती परीक्षणावर बोललो होतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर कायकाय असतं ते पाहिलं होतं. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. मग जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. एकूण बारा गोष्टी. त्यानंतर बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "आमची लेक पुण्यात असते. चाळीच्या मागं हातभर जागा आहे, तिथं मेथी-कोथिंबीर लावते. तिचं दोन वर्षांचं पोर दिवसभर त्याच मातीत असतं. तिथल्या मातीचं कोण बघतं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर आपल्या पत्रिकेत नाही. पत्रिकेतली जस्त, तांबं ही धातूंची नावं आहेत कारण पिकाला ती चिमूटभर लागतात. शिसं त्यात नाही. ते ना पिकाला लागतं, ना माणसाला. रस्त्यापासून लांब असलेल्या रानात त्याची फारशी काळजीही नसते. शहराच्या मातीत मात्र ते असतं, आणि ते जमिनीतून वर आलेलं नसतं, माणसानं वरून टाकलेलं असतं. ते कसं टाकलं गेलं, कुणी अडवायचा प्रयत्न केला आणि ते शेवटी सापडलं कसं, हा इतिहास आज सांगते. तो घडला अमेरिकेत, पण त्याचा शेवट जगातल्या सगळ्याच शहरांपर्यंत, आपल्या मुंबई-पुण्यापर्यंत येऊन पोचतो.

आधी शिशाची ओळख. आपल्या मारुतीला, म्हसोबाला चढतो तो शेंदूर मूळचा शिशाचाच. शिसं तापवून केलेली ती नारिंगी पूड. म्हणून तर तो हात पोरानं तोंडात घालू नये. उलट शिसपेन्सिलीत नाव असूनही शिसं नसतं, ग्राफाईट असतं. पोर पेन्सिल चावत असेल तर दाताची काळजी करा, शिशाची नको. शिसं विषारी आहे हे लोकांना फार जुन्या काळापासून माहीत होतं. रंगाच्या कारखान्यात, छापखान्यात काम करणाऱ्यांना पोटात मुरडा येई, मनगटं लुळी पडत, रक्त कमी होई.

आता १९२१ साल. अमेरिकेत मोटारी भराभर वाढत होत्या, पण त्यांच्या इंजिनात एक खोड होती. चढावर, वेगात इंजिन खडखड ठोके द्यायचं. मेकॅनिक आजही म्हणतात, "इंजिन नॉक करतंय." जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा इंजिनियर यावर औषध शोधत होता. ९ डिसेंबर १९२१ ला त्याला ते सापडलं. टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं एक तेलकट द्रव पेट्रोलमध्ये जरासं घातलं की ठोके बंद.

दुसरं औषध नव्हतं असं नाही. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. आज आपल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये घालतात ना, तेच. पण अल्कोहोल कुणीही शेतकरी गाळू शकतो, त्यावर एका कंपनीची मालकी सांगता येत नाही. शिशाच्या द्रवाच्या वापराचं पेटंट घेता येत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर शिशाचं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखच नाही. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट फार खटकते. माल निर्धोक आहे अशी खात्री असती तर नाव लपवायचं कारण काय?

खुद्द मिजलीला त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली होती. हवापालटासाठी त्याला फ्लोरिडाला जावं लागलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव तयार करणारे कामगार अचानक भ्रमिष्टासारखे वागू लागले. पाच जण दगावले, तीसहून जास्त इस्पितळात गेले, काहींना बांधून ठेवावं लागलं. वर्तमानपत्रांनी त्याला नावच दिलं, 'वेडा गॅस'. तेव्हा मिजलीनं काय करावं? त्यानं पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं, बाटली नाकाशी धरून हुंगली आणि यात काही धोका नाही असं सांगितलं.

इथं या कहाणीत एक बाई येते. तिच्याविषयी जरा सावकाश सांगते, कारण तिचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. डॉ. अॅलिस हॅमिल्टन. जन्म १८६९ चा. शिकागोत हल हाऊस नावाची वास्तू होती. तिथं शिकलेल्या बाया गरीब कामगार वस्तीतच राहून काम करत. १८९७ पासून अॅलिसबाई तिथं राहिल्या. शेजारपाजारचे पुरुष कामावरून आजारी होऊन येतात आणि डॉक्टर त्यांना दारुडे नाहीतर आळशी ठरवून मोकळे होतात, हे त्यांनी पाहिलं. १९१० मध्ये इलिनॉय राज्यानं त्यांच्याकडं कारखान्यांतल्या आजारांची पाहणी सोपवली, तेव्हा त्या शिशाच्या मागं लागल्या. कारखान्याचा मालक खरं सांगणार नाही आणि कामगार नोकरीच्या भीतीनं गप्प बसणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्या थेट कामगारांच्या घरी जात. त्यांच्या बायकांना विचारत. नवरा रात्री पोट धरून का लोळतो, हाताला कंप कधीपासून आहे, हे बायकोपेक्षा नेमकं कोण सांगणार? अशी एकेक माहिती गोळा करून त्यांनी शिशाची बाधा कागदावर सिद्ध केली.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना शिकवायला बोलावलं. त्या तिथल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. पण अटी ऐका. प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, फुटबॉल सामन्याची तिकिटं मागायची नाहीत आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत इतरांबरोबर चालायचं नाही. बाईंनी अटी मान्य केल्या आणि काम सुरू ठेवलं.

२० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला सरकारनं शिशाच्या पेट्रोलवर परिषद भरवली. कंपन्यांचं म्हणणं असं की अपघात कारखान्यात झाला, तिथं काळजी घेऊ, रस्त्यावरच्या लोकांना काही होत नाही. होतं असेल तर सिद्ध करून दाखवा. हॅमिल्टनबाई आणि त्यांच्यासारखे काही जण उलट म्हणाले. शिसं एकदा वापरात आलं की ते कुठं ना कुठं माणसाला बाधतंच. कारखान्याला चार भिंती तरी असतात, मोटारीच्या धुराला कोण भिंत घालणार? मग एक समिती नेमली गेली. तिनं मोटारचालक आणि गॅरेजमधले काही कामगार तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये सांगितलं की बंदी घालण्याइतका पुरावा नाही, मात्र वापर वाढेल तसा पुढं अभ्यास चालू ठेवावा. पहिलं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवलं, दुसरं विसरले. पुढची कित्येक दशकं या विषयावरचं संशोधन मुख्यतः शिशाच्या धंद्यातल्या पैशावरच चाललं.

आता माती. पेट्रोल जळतं, शिसं जळत नाही. ते धुराबरोबर बारीक कण होऊन बाहेर पडतं. थोडं दूर वाऱ्यावर जातं, बरंचसं रस्त्याच्या आजूबाजूला खाली बसतं. चौकात, जिथं गाड्या थांबत-थांबत जातात, तिथं जास्त. भिंतींवर बसलेली धूळ पावसानं खाली येते, म्हणून घराच्या पायाशी, पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात जास्त. आणि एकदा मातीत पडलं की चिकणमातीला आणि कुजलेल्या सेंद्रिय भागाला ते घट्ट धरून बसतं. युरियासारखं पाण्याबरोबर वाहून खाली जात नाही. शेण कुजतं, पाला कुजतो, माणसाचं हाडदेखील शेवटी मातीत मिळतं. शिसं मूलद्रव्य आहे, त्याचं दुसरं काही होत नाही. वरच्या वीतभर थरात, पोरं खेळतात नेमकी तिथंच, ते साठत राहतं. एकट्या अमेरिकेत असं पन्नास लाख टनांहून अधिक शिसं पेट्रोलमधून जाळलं गेलं.

हे पहिल्यांदा ज्याच्या डोळ्यांत भरलं तो वेगळंच काहीतरी शोधत होता. क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होता. त्यासाठी दगडातलं शिसं मोजायचं, तर प्रत्येक वेळी आकडा चुकायचा, कारण शिसं सगळीकडं होतं. धुळीत, पाण्यात, त्याच्या स्वतःच्या केसांत. त्यानं घासूनपुसून, हवा गाळून एक निर्मळ खोली तयार केली तेव्हा कुठं १९५६ मध्ये पृथ्वीचं वय निघालं, सुमारे साडेचार अब्ज वर्षं. मग त्याच्या मनात आलं, हे एवढं शिसं आलं कुठून? १९६५ मध्ये त्यानं जाहीर लिहिलं की आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक नाही, आपणच पसरवलेलं आहे. तेलवाल्यांच्या पैशावर चालणाऱ्या कामाचे त्याचे रस्ते त्यानंतर बंद झाले.

हॅमिल्टनबाई १०१ वर्षं जगल्या आणि सप्टेंबर १९७० मध्ये गेल्या. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचा नवा कडक कायदा झाला. तरी पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं ते आधी माणसासाठी नव्हे हो, यंत्रासाठी. नव्या गाड्यांना धूर साफ करणारं एक उपकरण बसवलं जात होतं आणि शिशानं ते निकामी व्हायचं. पण परिणाम लगेच दिसला. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं जसं कमी झालं, तसं अमेरिकेतल्या लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं एक तृतीयांशाहून जास्त उतरलं.

हवेतलं उतरलं. मातीतलं? त्याकडं तोवर फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. मुलांना शिशाची बाधा होते ती जुन्या घरांचा शिशाचा रंग खाल्ल्यानं, असं सगळे धरून चालत. शिशाच्या धंद्यातले लोक तर दोष गरीब वस्त्यांतल्या आईबापांनाच देत. मुलांवर लक्ष ठेवत नाहीत, मुलं भिंती चाटतात, म्हणे. हॉवर्ड मिल्के नावाच्या संशोधकानं सत्तरच्या दशकात बाल्टिमोर शहरात आणि आसपास ४२२ परसबागांची माती गोळा केली. परसबागा, मैत्रिणींनो, म्हणजे भाजीचे वाफेच. प्रत्येक नमुन्यात शिसं, कॅडमियम, तांबं, निकेल आणि जस्त मोजलं आणि आकडे नकाशावर मांडले. सगळे मोठे आकडे शहराच्या मधोमध गोळा झालेले. आता गंमत अशी की शहराच्या मध्यभागातली घरं होती बहुतेक बिनरंगाच्या विटांची. रंगाची जुनी लाकडी घरं बाहेरच्या बाजूला होती, तिथं शिसं कमी. मध्यभागी काय जास्त होतं? गाड्या. हे १९८३ मध्ये छापून आलं. पुढं मिनेसोटा राज्यात मिल्केनं तेच पाहिलं. घरं सारख्याच वयाची, पण मोठ्या शहरात माती जास्त बाधलेली, छोट्या गावात कमी. अशा पुराव्यांचा रेटा वाढत गेला. १ जानेवारी १९८६ पासून अमेरिकेनं पेट्रोलमधलं शिसं जवळपास संपवलं आणि १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंद केलं.

आपल्याकडं? १ एप्रिल १९९५ ला मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि चेन्नईत बिनशिशाचं पेट्रोल आलं, तेही उपकरण बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. डेटनच्या त्या पंपाला तेव्हा ७७ वर्षं होत आली होती. जगात सगळ्यात शेवटी अल्जेरियानं ते बंद केलं, २०२१ च्या जुलैत.

म्हणजे आज गाड्यांतून येणारं शिसं थांबलेलं आहे. पण २००० सालापर्यंत जे पडलं ते जुन्या हमरस्त्यांच्या कडेच्या मातीत आहे. त्या ताईंच्या लेकीला मी हेच कळवलं. चाळ जुन्या, गर्दीच्या रस्त्यावर असेल, भिंतीचा जुना रंग पापुद्रे होऊन गळत असेल, किंवा शेजारी कुणी जुन्या बॅटऱ्या फोडत असेल, तर त्या मातीत भाजी लावू नकोस. कुंडीत किंवा गोणीत बाहेरची चांगली माती आणि कंपोस्ट घालून लाव. टोमॅटो, भेंडी अशा फळभाज्यांत शिसं कमी उतरतं. पालेभाजी आणि मुळा-गाजर यांना माती चिकटून राहते, म्हणून दोनतीन पाण्यांनी धुवायची, मुळं सोलायची. कॅडमियम मात्र पानात आतून चढतं, ते धुतल्यानं जात नाही. आणि भाजीपेक्षा मोठा धोका पोराच्या हातांचा. रांगणारं मूल दिवसात कितीदा हात तोंडात घालतं ते आपण बघतोच. शिसं अंगात गेलं की शरीर त्याला चुन्यासारखं, कॅल्शियमसारखं समजून हाडांत ठेवतं. मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याच्या आतड्यांतून शिसं जास्त शोषलं जातं. आईच्या हाडांत साठलेलं शिसं तिच्या गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पुन्हा रक्तात उतरतं. म्हणजे आपण लहानपणी जे धुळीतून घेतलं, ते पोटातल्या बाळाला पोचू शकतं. अंगणवाडीतल्या लोहाच्या गोळ्या टाळू नका म्हणून आपण एवढं सांगतो, त्याला हेही एक कारण आहे.

आता मिल्केच्या शेवटच्या कामाविषयी. ते मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या न्यू ऑर्लिन्स शहरातलं. तिथं ट्रेमे ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. तिच्यातल्या क्लेबोर्न रस्त्यावर मोठमोठ्या ओक वृक्षांच्या रांगा होत्या, त्यांच्या सावलीत लोक सणवार करत. १९६० च्या दशकात ती झाडं तोडून वस्तीच्या डोक्यावरून हमरस्ता नेला. शहराच्या मातीचा नकाशा झाला तेव्हा अशा मधल्या, गर्दीच्या वस्त्यांतच शिसं सगळ्यात जास्त निघालं. बालवाड्यांच्या अंगणातसुद्धा. अमेरिकन सरकारनं मुलांच्या खेळायच्या उघड्या मातीसाठी २००१ मध्ये मर्यादा घातली होती, किलोमागं ४०० मिलिग्रॅम. दहा बालवाड्यांची अंगणं तपासली, तर निम्म्याहून जास्त नमुने ५०० च्या वर.

उपाय जो केला तो आपल्याला ओळखीचा वाटेल. उन्हाळ्यात धरणातला, तळ्यातला गाळ काढून आपण ट्रॉलीनं शेतात टाकतो ना? मिसिसिपीच्या पुराबरोबर वरच्या मुलखातून आलेला गाळ शहराबाहेर साठतो. त्यात शिसं किलोमागं जेमतेम पाच मिलिग्रॅम. जुन्या अंगणावर पाणी झिरपू देणारं जाड कापड अंथरलं आणि त्यावर सहा इंच हा नदीचा गाळ पसरला. खणून काढायचं नाही, वाहून न्यायचं नाही, नुसतं झाकायचं. अंगणातला आकडा पाचशेवरून चार-पाचवर आला.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळात ते शहर बुडालं. घरं पडली, नवी बांधली गेली, कितीतरी ठिकाणी नवी माती आली. मिल्के आणि सोबत्यांनी सगळ्या शहराची माती पुन्हा मोजली आणि २०१९ मध्ये आकडे छापले. सुमारे पंधरा वर्षांत मातीतल्या शिशाचा मधला आकडा किलोमागं ९९ मिलिग्रॅमवरून ५४ वर आला होता. मुलांच्या रक्तातला मधला आकडा ३.६ वरून १.२ वर. माती निवळली तसं पोरांचं रक्तही निवळलं.

बालवाड्यांच्या अंगणात अंथरलेलं ते कापड भडक नारिंगी रंगाचं आहे, मुद्दाम. गाळाखाली जुनी माती तशीच पडून आहे, शिशासकट. उद्या कुणी झाड लावायला, नळ टाकायला खड्डा खणला आणि कुदळीला नारिंगी कापड लागलं, तर त्यानं तिथंच थांबायचं.